किती महिने झाले ते राहू द्या, फाइल कुठे थांबली ते शोधा

प्रश्न : आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. यजमान कॅनडात ब्रॅम्प्टनला नोकरी करतात. ते पीआर, म्हणजे तिथले कायमस्वरूपी रहिवासी आहेत, अजून सिटिझन झालेले नाहीत. लग्नानंतर महिनाभर आम्ही एकत्र राहिलो, मग ते परत गेले. स्पॉन्सरशिपचा अर्ज भरून सतरा महिने झाले. चौथ्या महिन्यात यजमान स्पॉन्सर म्हणून मंजूर झाल्याचं पत्र आलं, सहाव्या महिन्यात माझं मेडिकल आणि बायोमेट्रिक्स झालं. त्यानंतर काहीही नाही. वर्षभरात जाणारच, म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली आणि सांगलीला सासरी राहायला आले. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं. त्यामुळेच अडलं असेल का, असं सारखं वाटतं. इथला एक एजंट म्हणतो, दिल्लीत ओळख आहे, चाळीस हजारांत फाइल पुढे सरकवतो. यजमान वैतागलेत. म्हणतात, नोकरी सोडून व्हिसा येईपर्यंत तिकडेच येऊन राहतो. फोनवर हल्ली आमचं फक्त भांडण होतं. घरात येणारा प्रत्येक जण 'कधी जाणार?' विचारतो. जुन्या शाळेत रजेवरच्या बाईंच्या जागी काम मिळतंय, पण घेऊ की नको तेही कळत नाही. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींना आजच्या आज 'नाही' म्हणायचं आहे, म्हणून त्या आधी सांगतो. बाकीचं सावकाश करता येईल.

पहिली गोष्ट यजमानांची. त्यांना नोकरी सोडून इकडे राहायला येऊ देऊ नका. ते सिटिझन असते तर प्रश्न वेगळा होता. कॅनडाचा नागरिक परदेशात राहूनही जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो. बायकोला पीआर मिळाल्यावर आपण कॅनडात राहणार आहोत, एवढं त्याला दाखवावं लागतं. पीआर असलेल्या माणसाला ही सवलत नाही. अर्ज भरल्यापासून तुम्हाला पीआर मिळेपर्यंत त्यांचं राहणं कॅनडातच असावं लागतं. पंधरा दिवस, महिनाभर सुट्टीवर आले तर काही बिघडत नाही. पण घर सोडलं, नोकरी सोडली आणि सहा महिने सांगलीत राहिले, तर 'हा स्पॉन्सर कॅनडात राहत नाही' या कारणाने मंजूर झालेली स्पॉन्सरशिपच जाऊ शकते. सतरा महिने थांबून मिळवलेलं सगळं वैतागाच्या भरात घालवू नका. मधल्या काळात त्यांना सिटिझनशिप मिळाली, तर ते इमिग्रेशन खात्याला लगेच कळवा. त्यानंतर हा विचार पुन्हा करता येईल.

नोकरी गेली तर काय, ही भीतीही त्यांच्या मनात असेल. जोडीदाराला स्पॉन्सर करताना किमान उत्पन्नाची अट सहसा लागत नाही. नोकरी गेल्यावर मिळणारा बेरोजगार विमा, म्हणजे तिकडे ज्याला ईआय म्हणतात तो, अडचणीचा नाही. अडचण होते ती सरकारी सोशल असिस्टन्स घेतल्याने, आणि त्यातूनही अपंगत्वासाठी मिळणारी मदत वगळलेली आहे.

दुसरी गोष्ट एजंटची. दिल्लीतल्या ओळखीने फाइल सरकत नाही. पैसे घेऊन या कामात सल्ला द्यायचा किंवा अर्जदाराच्या वतीने लिहायचं, तर माणूस कॅनडाचा परवानाधारक सल्लागार, तिथला वकील वा पॅरालीगल (वकिलीची ठरावीक कामं करायची परवानगी असलेला), किंवा क्युबेक प्रांतातला नोटरी असावा लागतो. सल्लागारांची नोंद त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे असते आणि ती यादी इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. त्या एजंटला परवाना क्रमांक विचारा. तो विषय बदलेल.

तुमचा मूळ अर्ज कुणी भरला होता, ते पत्रात नाही. तो एखाद्या एजंटने भरला असेल, तर त्यात संपर्काचा ईमेल कोणाचा दिलाय ते आज रात्रीच्या फोनवर यजमानांकडून तपासून घ्या. अर्ज करताना एजंट स्वतःच एक ईमेल उघडतात, खात्याची सगळी पत्रं त्यावर जातात आणि अर्जदाराला पत्ताही लागत नाही. जादा कागद मागणाऱ्या पत्राला बहुतेक वेळा तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते पत्र कुणाच्या तरी न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडून राहिलं, तर 'काहीच आलं नाही' म्हणत तुम्ही इकडे वाट पाहत बसाल आणि तिकडे मुदत संपलेली असेल. तसं असल्यास आयएमएम ५४७६ या फॉर्मवर त्या प्रतिनिधीचं नाव रद्द करा आणि स्वतःचा ईमेल नोंदवा. ईमेल तुमचाच असला तरी स्पॅमचं फोल्डर गेल्या अकरा महिन्यांपर्यंत मागे जाऊन बघा. काही ईमेल सेवा स्पॅम महिन्याभरात पुसून टाकतात, म्हणून पुढे दर आठवड्याला बघत जा.

आता मूळ दुखणं. सतरा महिने म्हणजे उशीरच आहे, तुम्हाला तसं वाटण्यात काही चूक नाही. क्युबेक सोडून बाकी कॅनडासाठी खात्याने स्वतःला घालून घेतलेलं माप असं आहे, की शंभरातल्या ऐंशी फाइली बारा महिन्यांत निकालात काढायच्या. म्हणजे सगळं त्यांच्या ठरल्याप्रमाणे चाललं तरी उरलेल्या वीस फाइली वर्षाच्या पुढे जाणार, हे त्या आकड्यातच आलं. शिवाय दरवर्षी किती जणांना पीआर द्यायचं ते सरकार आधी ठरवतं. जोडीदार आणि मुलं मिळून २०२४ साठी ८२ हजारांचं लक्ष्य होतं, २०२५ साठी ते ७० हजारांवर आलं. पीआर द्यायच्या जागा कमी झाल्या की अर्जांची रांग लांबते. तुमची फाइल पूर्ण स्वच्छ असली तरीही लांबते.

म्हणून रोज उठून महिने मोजण्यात काही हाती लागत नाही. शोधायचं आहे ते फाइल नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबली. तुमच्या फाइलमध्ये पाच-सहा कामं एकमेकांच्या बाजूने चालतात : स्पॉन्सरची पात्रता, तुमची पात्रता म्हणजे लग्न खरं आहे की नाही ही पडताळणी, मेडिकल, गुन्हेगारीची तपासणी, सुरक्षेची तपासणी आणि शेवटी पासपोर्टची मागणी. पहिलं झालं. तुमच्या हातून व्हायचं तेवढं मेडिकलही झालं. अडलंय ते पासपोर्टच्या मागणीआधीच्या उरलेल्या तिनांपैकी एकात किंवा दोनांत. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. पात्रता थांबली असेल तर तुम्ही कागद देऊ शकता. सुरक्षेची तपासणी थांबली असेल तर कितीही लग्नाचे फोटो पाठवून उपयोग नाही.

अर्ज कुठवर आला ते दाखवणाऱ्या ऑनलाइन ट्रॅकरवर हे नीट कळत नाही. तो मागे राहतो, आणि 'इन प्रोग्रेस' या दोन शब्दांमागे काय आहे ते तो सांगत नाही. खरी माहिती असते जीसीएमएस नोट्समध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांनी संगणकावर तुमच्या फाइलबद्दल लिहिलेल्या नोंदींमध्ये. त्या माहितीच्या अधिकारात मागता येतात. यजमान कॅनडात राहणारे पीआर आहेत, त्यामुळे ते हा अर्ज करू शकतात. फी पाच डॉलर. तुमच्या फाइलसाठी तुमची सही असलेला संमतीचा फॉर्म, आयएमएम ५७४४, सोबत जोडायचा. अर्जात स्पष्ट लिहायचं, की जीसीएमएसच्या सगळ्या नोंदी, अधिकाऱ्यांचे शेरे आणि पत्रव्यवहार हवा आहे. स्पॉन्सरच्या फाइलचे तेवढेच कागद हातात देऊन बोळवण होऊ नये, म्हणून तुमचा अर्ज क्रमांक आणि यूसीआय, म्हणजे खात्याने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक, दोन्ही घाला. कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे, पण थोडं जास्त धरून चला.

नोट्स आल्या की त्यांची पानं पाहून घाबरू नका. बरीचशी तुमच्याच फॉर्मची छापील प्रत असते. तुम्हाला शोधायचे आहेत ते चार शब्द : एलिजिबिलिटी, मेडिकल, क्रिमिनॅलिटी, सिक्युरिटी. प्रत्येकासमोर 'पास्ड', 'इन प्रोग्रेस', 'नॉट स्टार्टेड' किंवा 'रिव्ह्यू रिक्वायर्ड' असं काही लिहिलेलं असेल. त्यानंतर अधिकाऱ्याचे शेरे तारखेनुसार वाचा आणि सगळ्यात शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा. शेवटचा शेरा दहा महिन्यांपूर्वीचा असेल, तर फाइल कुणी उघडलेलीच नाही. मागच्या महिन्यातला असेल, तर काम चालू आहे आणि थोडा धीर धरण्यात अर्थ आहे. शेऱ्यात लग्नाबद्दल शंका दिसली, उदाहरणार्थ एकत्र राहण्याचा काळ कमी किंवा संपर्काचे पुरावे तोकडे, तर तुम्हाला ती वेळेआधी कळली. पत्र यायची वाट न पाहता पुरावे पाठवा.

सुरक्षेची तपासणी खात्याच्या हातात नसते, ती दुसऱ्या सरकारी संस्था करतात. अर्जदाराने सैन्यात, पोलिसात किंवा सरकारी पदावर काम केलेलं असेल, तर तिथे प्रश्न वाढतात. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असेल तर शेड्यूल ए, म्हणजे आयएमएम ५६६९, त्यात सरकारी पदाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पुन्हा बघा. याच फॉर्ममध्ये गेल्या दहा वर्षांचा हिशेब द्यावा लागतो आणि मध्ये एकही महिना रिकामा चालत नाही. बी.एड. संपून नोकरी लागेपर्यंतचे तीन-चार महिने बहुतेक जणी सोडून देतात. त्या काळात घरी होते, नोकरी शोधत होते, एवढं लिहिलं तरी पुरतं. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म परत मागवतात आणि तेवढे आठवडे जातात.

तुमच्या नावाचा प्रश्न थोडा सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या फाइलींना तो हमखास चिकटतो. आपल्याकडे पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात आडनाव असतं आणि नावाच्या रकान्यात पुष्कळदा मुलीचं नाव व वडिलांचं नाव जोडून छापलेलं असतं. लग्नाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव पूर्ण असतं, आधारवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव येतं, पॅनवर आणखी तिसरंच. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला ही पद्धत नवी नाही. नुसत्या नावातल्या फरकाने फाइल अकरा महिने अडत नाही. अडते ती फॉर्मच एकमेकांशी जुळत नसतील तेव्हा. आयएमएम ०००८ या मुख्य अर्जात पासपोर्टप्रमाणे माहेरचं नाव, आयएमएम ५५३२ या नात्याच्या माहितीच्या फॉर्ममध्ये सासरचं, आणि 'इतर नावे' हा रकाना रिकामा, असं झालं असेल तर पोलिस तपासणीत दोन वेगळ्या बायका असल्यासारखं दिसतं. पोलिस क्लिअरन्स कोणत्या नावाने निघालंय तेही पाहा.

उपाय सोपा आहे. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा. त्यात पासपोर्टवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जसंच्या तसं लिहा. सोबत लग्नाच्या दाखल्याची प्रत आणि तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह, जोडा आणि खात्याच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्मने पाठवून द्या. आणि कृपा करून आत्ता पासपोर्टवरचं नाव बदलू नका. घरची मंडळी आग्रह करतील, 'जायच्या आधी नवऱ्याचं नाव लावून घे' म्हणतील. चालू फाइलमध्ये पासपोर्टचं नाव आणि क्रमांक दोन्ही बदलले, तर बायोमेट्रिक्सपासून मेडिकलपर्यंत सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. पासपोर्टची मुदतच संपत असेल तर तेवढं नूतनीकरण करा, नाव आहे तेच ठेवा, जुना पासपोर्ट जपून ठेवा आणि नव्याची प्रत त्याच आठवड्यात कळवा.

मेडिकल बारा महिनेच चालतं. तुमचं अकरा महिन्यांपूर्वीचं आहे, म्हणजे ते लवकरच संपेल. ते संपलं म्हणून अर्ज रद्द होत नाही. खातं मुदत वाढवतं किंवा नव्याने करायला सांगतं. पण पत्र यायच्या आत आपणहून डॉक्टरकडे जाऊ नका. पॅनेलवरच्या, म्हणजे खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरला तपासणी तुमच्या फाइलला जोडायची असते आणि त्यासाठी खात्याच्या पत्रावरचा क्रमांक लागतो. त्याशिवाय केलेली तपासणी म्हणजे फुकट गेलेले पैसे. मधुमेह, थायरॉइड असं काही नव्याने निघालं असेल तर त्याची धास्ती घेऊ नका. आजारपणाचा खर्च जास्त म्हणून नकार द्यायचा जो नियम आहे, त्यातून स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराला वगळलेलं आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगायला हवी. यजमान सुट्टीवर येऊन गेले आणि दिवस राहिले, तर ते कळवावं लागतं. गरोदरपणात छातीचा एक्स-रे पुढे ढकलता येतो, पण तेवढी फाइलही थांबते. यजमान पीआर असल्याने इथे जन्मलेलं बाळ आपोआप कॅनडाचं नागरिक होत नाही, त्याचं नाव याच अर्जात घालून त्याचंही मेडिकल करावं लागतं. म्हणून मूल थांबवून ठेवा असं आम्ही कुणालाच सांगणार नाही, तो निर्णय तुम्हा दोघांचा. फक्त बाळाचं नाव लपवायचं नाही. अर्जात न दाखवलेल्या मुलाला नंतर स्पॉन्सर करणं फार अवघड होऊन बसतं.

लग्नानंतर तुम्ही महिनाभरच एकत्र होता, त्यामुळे नात्याच्या पुराव्याकडे जास्त लक्ष द्या. अर्ज भरताना दिलेले कागद आता दीड वर्ष जुने झाले. त्यानंतरचं काय, हा प्रश्न फाइल उघडणाऱ्या अधिकाऱ्याला पडणारच. दर चार महिन्यांनी एक पीडीएफ तयार करा. त्यात फोन आणि व्हिडिओ कॉलची यादी, दर महिन्यातली दोन-तीन पानं चॅट (मराठी चॅटखाली इंग्रजी अर्थ), यजमानांनी पाठवलेल्या पैशांच्या बँक नोंदी, विम्यात किंवा बँकेत एकमेकांचं नाव वारस म्हणून लावल्याचा कागद असू द्या. ते येऊन गेले असतील तर बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्केही घाला. फोटो वीस पुरेत, पण प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि माणसांची नावं लिहा. नुसत्या दोघांच्या शंभर सेल्फींपेक्षा सासूबाईंसोबत दारात काढलेला, मागे गुढी दिसणारा एक फोटो जास्त सांगून जातो. त्या घरात तुम्ही सून म्हणून नांदताय, हे त्यात दिसतं.

वेबफॉर्म हा खात्याशी बोलायचा अधिकृत रस्ता. एका वेळी एकच विषय, वर अर्ज क्रमांक, यूसीआय आणि जन्मतारीख, मजकूर सात-आठ ओळींचा. नवीन काही सांगण्यासारखं असेल तेव्हाच लिहा. तोच मजकूर दर आठवड्याला पाठवल्याने काम लवकर होत नाही, उलट खरी महत्त्वाची सूचना त्या ढिगात हरवते.

तीसेक दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, की यजमानांनी त्यांच्या मतदारसंघातल्या खासदाराच्या कार्यालयात जावं. हे विनामूल्य असतं, आणि मत दिलंय का हे कुणी विचारत नाही. तिथे एखादी कर्मचारी फक्त इमिग्रेशनच्या चौकशा बघते. ती तुमच्या दोघांच्या सहीचा संमतीचा फॉर्म मागेल, म्हणून तो आधीच करून ठेवा. खासदार निर्णय देऊ शकत नाही. पण तिथून गेलेल्या चौकशीला उत्तर द्यावं लागतं आणि कधीकधी पडून राहिलेली फाइल त्या निमित्ताने कुणीतरी उघडतं. तिथे तक्रार करायची तर 'बायको रडते' यापेक्षा 'शेवटची नोंद अमुक तारखेची, मेडिकल अमुक तारखेला संपतंय, त्यानंतर एकही पत्र नाही' असं सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं. नोट्स आधी मागवा म्हटलं ते याचसाठी.

यानंतरचा रस्ता कोर्टाचा. कॅनडाच्या फेडरल कोर्टात मँडेमसचा अर्ज करता येतो. कोर्ट खात्याला सांगतं, की निर्णय घ्या. काय निर्णय घ्या ते सांगत नाही. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : अशा कामाला साधारण लागतो त्याहून जास्त वेळ गेला, उशीर अर्जदारामुळे झालेला नाही, आणि खात्याने पटण्यासारखं कारण दिलेलं नाही. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, पण वकिलाचा खर्च हजारांत जातो. त्याआधी वकील मुदत घालून मागणीपत्र पाठवतो आणि काही फाइली तेवढ्यानेच हलतात. तुमच्या सतराव्या महिन्यात कोर्टाची घाई करू नये, असं आमचं मत आहे. नोट्स येऊ द्या, खासदाराकडून एक उत्तर येऊ द्या. त्यानंतरही सहा-सात महिने काहीच हललं नाही, तर मात्र संकोच न करता वकील गाठा. कोर्टात गेलं म्हणून खातं डूख धरतं, ही भीती मनातून काढून टाका. आणि समजा नकार आलाच, तर तुमचा अर्ज कॅनडाबाहेरून केलेला असल्याने यजमानांना तीस दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दाद मागता येते. ही मुदत मात्र चुकवायची नाही.

तोवर भेटायचं कसं? ते इकडे कायमचे येऊ शकत नाहीत, पण तुम्ही तिकडे व्हिजिटर म्हणून जायचा प्रयत्न करू शकता. स्पॉन्सरशिप चालू असताना व्हिजिटर व्हिसा मागू नये, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. कायमचं राहायची इच्छा असतानाही तात्पुरतं जाता येतं, हे त्यांच्या कायद्याच्या कलम २२(२) मध्येच आहे. मे २०२३ मध्ये खात्याने जोडीदारांचे असे व्हिजिटर अर्ज साधारण तीस दिवसांत काढायचं ठरवल्याचंही जाहीर केलं होतं. अर्जात स्पॉन्सरशिपचा क्रमांक लिहा, लपवू नका. पत्रात सरळ म्हणा, की अर्ज चालू आहे, अमुक आठवड्यांसाठी नवऱ्याकडे जायचं आहे आणि मुदत संपायच्या आत परत येईन. सोबत यजमानांच्या पगाराच्या स्लिपा, त्यांचं आमंत्रणपत्र, घराचा भाडेकरार आणि तुमचं इथे परत येण्याचं कारण दाखवणारे कागद जोडा. नकार आला तर वाईट वाटेल, पण त्याने स्पॉन्सरशिप बुडत नाही. फक्त पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये तो नकार लिहावा लागेल. व्हिसा मिळाला तर निघण्याआधी प्रवासी आरोग्य विमा घ्या, कारण व्हिजिटरला तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही. तिथे यजमानांसोबत राहताना, स्टेटस वैध असेल तर, ओपन वर्क परमिटचाही, म्हणजे कोणत्याही एका मालकाशी न बांधलेल्या कामाच्या परवान्याचाही, अर्ज करता येतो. जानेवारी २०२५ मध्ये या परमिटसाठी आलेले कडक नियम परदेशी कामगार आणि विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठी आहेत. त्या बातम्या वाचून तुम्ही घाबरू नका.

फोनवरच्या भांडणांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण आम्हाला पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच वाटली. सांगली आणि ब्रॅम्प्टनमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर आहे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे एकजण दमून घरी आलेला असतो तेव्हा दुसरा नुकताच उठलेला असतो. अशा वेळी बोलणं 'काही कळलं का?' ने सुरू झालं, की पुढचा अर्धा तास त्यातच जातो आणि राग खात्यावरचा असला तरी निघतो समोरच्यावर. फाइलचं बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारी, वीस मिनिटं. ट्रॅकर एकानेच बघायचा, तोही आठवड्यातून दोनदा. आमच्या मते तो यजमानांनी बघावा, कारण कॉल सेंटरला फक्त कॅनडातूनच फोन लावता येतो. आलेल्या नोट्स वाचणं, प्रतिज्ञापत्र, पुराव्यांची पीडीएफ हे तुमच्याकडे. प्रत्येकाच्या हातात काम असलं की 'तू काहीच करत नाहीस' हे वाक्य तोंडात येत नाही. उरलेले सहा दिवस व्हिसाचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी काय शिजवलं, कोण भेटलं, कशावरून हसू आलं, हे एकमेकांना सांगत जा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, दोन आठवडे नेटाने करा.

'कधी जाणार?' याला दर वेळी नवं उत्तर शोधू नका. सासूबाईंशी बसून एकच वाक्य ठरवा : 'कागद पूर्ण झालेत, तिकडचं सरकार तारीख देईल तेव्हा.' घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं. हे सासूबाईंच्या तोंडून आलं की प्रश्न निम्म्याने कमी होतात. त्यांनाही शेजारणींकडून हेच ऐकावं लागत असणार. एकदा त्यांच्याशी या विषयावर मोकळेपणाने बोला. आपल्याला वाटतं त्याहून त्या आपल्या बाजूच्या निघतात.

नोकरीचं मात्र आम्ही ठाम सांगतो : घ्या. वेळेत बोलावणं येईल म्हणून हातातलं काम सोडणं ही एकदा झालेली चूक, तीच पुन्हा करू नका. अजून वर्ष लागेल असं धरून आखणी करा, आधी आलं तर उत्तमच. पगार, रोज बाहेर पडणं, पोरांचा गलका, हे सगळं तुम्हाला आत्ता हवं आहे. कॅनडात पुढे शिक्षिकेच्या कामासाठी नोंदणी करायची झाली तर अनुभवाची पत्रंही कामाला येतील. रजेची जागा आहे, म्हणजे शाळेलाही कायमचा शब्द नको आहे. रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांना परिस्थिती खरी सांगा, आणि नोटीस पीरियड एक महिन्यापेक्षा जास्त नसेल असं लेखी घ्या. कारण पीआर व्हिसावरची शेवटची तारीख मेडिकल किंवा पासपोर्ट यांतलं जे आधी संपतं त्यावरून पडते आणि ती वाढवून मिळत नाही. मेडिकलचे दोनच महिने उरले असताना पासपोर्ट मागितला गेला, तर तेवढ्याच दिवसांत तुम्हाला शाळेचा निरोप घेऊन विमानात बसावं लागेल. नोकरी लागल्याचं वेबफॉर्मने कळवायला विसरू नका.